अकरा महिन्यांचे काका

दुसरा फ्लॅट असलेले एक काका कोथरूडच्या बहुतेक सोसायट्यांत सापडतात. फ्लॅट भाड्याने द्यायचा असतो, पण त्यात कुणी राहायला नको असतं. भाडं यावं, माणूस येऊ नये, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

बॅचलर नको. फॅमिली असेल तर लहान मूल नको. मूल नसेल तर "का बरं?" भिंतीला खिळा ठोकायचा नाही. गिझरच्या बटणाखाली काकांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी : 'दहा मिनिटे पुरतात. नंतर बंद करणे.'

भाडेकरूबद्दलच्या या धास्तीचं मूळ १९७३ सालात आहे. मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर, म्हणजे मालकाच्या नुसत्या परवानगीवर, राहत असलेली माणसं कायद्याने भाडेकरू ठरली. काका तेव्हा शाळेत होते. पण मामांची गिरगावातली खोली त्यात जी अडकली, ती अडकलीच. बाराव्या महिन्यात भाडेकरू मालक होतो, ही काकांची तेव्हापासूनची श्रद्धा. म्हणून अकरा महिने, स्टँप पेपर आणि कोपऱ्यावरचा नोटरी. नोंदणी? वर्षाच्या आतल्या कराराला ती कशाला?

महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही पळवाट कधीच बुजवली, हे त्यांना यंदा फ्लॅट भाड्याने घेणाऱ्या आयटीवाल्या मुलीने सांगितलं. तिने मोबाइलवर कलम ५५ काढलं. "काका, अकरा महिन्यांचा असला तरी करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत."

काकांच्या डोळ्यांपुढून खिळे, गिझर, लहान मूल अशा स्वहस्ते लिहिलेल्या सगळ्या अटी सरकत गेल्या.

"शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. किंवा दोन्ही."

"पाच हजार?" काका म्हणाले. कैदेचं त्यांना विशेष वाटलं नसावं. नोंदणीला शहरात हजार रुपये फी आणि पाव टक्का मुद्रांक शुल्क, हे कळल्यावर त्यांनी तिथेच कागदावर वजाबाकी केली आणि कायद्याला मान तुकवली.

ऑनलाइन नोंदणीचा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. काकांनी अंगठा ठेवला. जुळेना. पुसून ठेवला, जुळेना. काकूंनी खोबरेल तेलाचं बोट लावून दिलं, तरी नाही. "वयानुसार रेषा झिजतात, काका," एजंट म्हणाला. स्वतःच्या फ्लॅटसाठी, स्वतःच्या दिवाणखान्यात, काका दहाही बोटं पाळीपाळीने यंत्राला दाखवत बसले.

मुलीने अंगठा टेकवला. टुंग! हिरवा दिवा.

"बघितलंत?" काका काकूंकडे वळून म्हणाले, "मी सांगत नव्हतो? कायदा भाडेकरूच्याच बाजूचा!"