रुंद टायर : प्रवेशिका

सर्वप्रथम एक जुनी पोलो जीटी घ्यावी. नवी मिळत नाही. कंपनीने २०२२ मध्येच पोलोचा इथला कारभार आटोपला. जुनी घेतली की घरी "मामा, एकदम सांभाळलेली गाडी आहे" असं सांगता येतं. दोन दिवस ती पुसावी. तिसऱ्या दिवशी भोपाळच्या व्हीआयपी रोडला बड्या तलावाच्या काठी उभी करून मागून फोटो काढावा. फोटोत टायर बारीक दिसतात. पहिलवानाची छाती आणि खाली बगळ्याचे पाय. दुखणं इथून सुरू होतं.

दुखणं ताजं आहे तोवर टायरच्या कडेवरची अक्षरं वाचायला शिका. १८५/६० आर १५. पैकी १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे साठ मिलिमीटर नव्हे, त्या रुंदीचे साठ टक्के. म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत १११ मिलिमीटर रबर. शेवटचे १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. 'आर' म्हणजे रेडियस नव्हे, रेडियल. पण हे दुकानात मोठ्याने बोलू नये, चहा मिळत नाही.

दुकानदार १७ इंची अलॉय दाखवील, त्यावर २०५/४५ चा टायर. बिलाच्या पाठीवर हिशेब मांडा. जुन्या चाकाचा एकूण व्यास ६०३ मिलिमीटर, नव्याचा ६१६. दोन टक्क्यांची वाढ. स्पीडोमीटर आधीपेक्षा तेवढंच कमी सांगणार. तीन टक्क्यांपर्यंत लोक चालवून घेतात, तेव्हा पास झालात. आता तोच कागद पुन्हा बघा. रबराची उंची १११ वरून ९२ वर आली. गेलेले १९ मिलिमीटर म्हणजे माझ्या अंगठ्याची रुंदी. कोलार रोडचा खड्डा आणि तुमचं अलॉय यांच्यामध्ये आजवर हाच अंगठा उभा होता. तो काढून घेतला, की पहिल्या पावसात टायरच्या कुशीवर लिंबाएवढा फुगा येतो, नाहीतर रिमची कड चपटी होते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. कुणी करून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून निघावं.

पकड वाढते का? कोरड्या वळणावर वाढते, ते खोटं नाही. पण रुंदी वाढली म्हणून जमिनीला टेकणारं रबर त्या मानाने वाढत नाही. गाडीचं वजन तेच, हवेचा दाब तोच. टेकलेला ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. श्रावणात लिंक रोडवर पाणी साचलं की असा आडवा टायर बारीक टायरपेक्षा लवकर तरंगतो. याबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलावा.

वळणावरून आठवलं. २०२५ मध्ये आमचा ऐशबागचा रेल्वे पूल नव्वद अंशांच्या वळणापायी देशभर गाजला. पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं, तज्ज्ञांनी कोन मोजला, तो भरला ११८ ते ११९. फोटोत बघणं आणि फुटपट्टी लावणं यात असे अठ्ठावीस-एकोणतीस अंश निघतात. म्हणून रिम "बसेल" असं कुणी लांबून बघून सांगितलं तरी आपण मोजावं. पोलोचे पाच बोल्ट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. जेट्टाचेही पाचच, पण ११२ वर. मग ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टांची बैठक किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला. समजा जुनं रिम ६ इंच रुंद आणि ऑफसेट ४०. नवं ७ इंच, ऑफसेट ३५. तर चाक बाहेर जवळजवळ १८ मिलिमीटर येतं आणि आत ८ सरकतं. बाहेर मडगार्डची कड, आत शॉकअप. दोघेही जागचे हलत नाहीत.

शहाण्याने काय करावं? कंपनीनेच पुढे जीटीला १६ इंची चाकं दिली होती, १९५/५५ ची. रबर फक्त चार मिलिमीटरने कमी, हिशेब त्यांनीच केलेला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमावाला या दोघांशीही मग वाद नाही. पण ही प्रवेशिका शहाण्यांसाठी नाही. आमच्या भाच्याने १७ इंची घेतली.

पटियावर बसलेल्या मंडळींनी लगेच पावती दिली : "को खां, पीछे से तो जहाज लग रिया है!"

चाचणी रिकाम्या गाडीत घेऊ नये. मागे आजी, आत्या आणि आमची ताई, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा, अशी भोजपूरला न्यावी. आम्ही नेली. पहिल्या गतिरोधकावर मागून 'खर्रर्र'. आत्या म्हणाल्या, "अरे, कुणीतरी नारळ खवतंय." दुसऱ्याला सगळ्यांनी श्वास रोखून धरला, वजन तेवढंच राहिलं. देऊळ चार किलोमीटरवर असताना पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि बसलं.

स्टेपनी डिकीत होती, जॅक होता, पाना होता. आता शेवटचा धडा. कंपनीच्या बोल्टांचं बूड गोल असतं, बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूच्या बुडाचे लागतात. स्टेपनी मात्र कंपनीचीच. तिला शंकूवाला बोल्ट नीट टेकत नाही, कितीही आवळा. भाचा स्टेपनी मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसला होता. मी विचारलं, "जुने बोल्ट कुठायत?"

"दुकानातून आणले होते, मामा. घरीच कुठेतरी…"

पुलियावर बसलेल्या ताईने पोळीचा घास गिळला. "ते गोल बुडाचे होय? फडताळात आहेत, श्रीखंडाच्या डब्यात. मला वाटलं, मिक्सरचे."