एक करोड रुपये मात्र

'करोडपती' हा शब्द मराठीत पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन राहिला. हिंदीतला 'करोड' आणि मराठीतला 'कोटी' हे एकाच संस्कृत घराण्यातले भाऊ. एक उत्तरेत वाढला, एक दक्षिणेत, एवढाच फरक. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोड़पति' सुरू झाले आणि उत्तरेतला भाऊ रात्री नऊ वाजता वाशिमच्या घराघरांत, म्हणजे जिथे केबल होती आणि वीज होती अशा घरांत, येऊन बसू लागला. वाशिम जिल्हा त्या वेळी जेमतेम दोन वर्षांचा होता. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यातून वेगळा निघाला होता. त्यामुळे जिल्हा आणि हा शब्द यांचे बालपण साधारण एकत्रच गेले.

हिंदी या भागाला मुळीच परकी नाही. १९५६ पर्यंत वाशिमसह वऱ्हाड मध्य प्रदेशात होता आणि कचेरीत हिंदी-मराठी शेजारीशेजारी बसत. बाजारात त्या अजूनही बसतात. तरीही 'करोडपती'ला तयार मराठी शब्द होता, तो म्हणजे 'कोट्यधीश'. तो वापरला गेला नाही, याची कारणे आहेत. पहिले म्हणजे तो लिहिताना निम्मी माणसे 'कोट्याधीश' लिहितात आणि उरलेली निम्मी त्यांना हसतात. दुसरे अधिक गंभीर आहे. मराठीत 'कोटी' म्हणजे शाब्दिक चमत्कृतीही असते, आणि 'कोट्यधीश' म्हटले की पैसेवाला माणूस डोळ्यांपुढे येण्याआधी पु. ल. देशपांडे येतात. 'कोण होणार कोट्यधीश' अशी जाहिरात निघती, तर निवडचाचणीला सामान्यज्ञानवाले कमी आणि शब्दांची ओढाताण करणारे जास्त जमले असते. २०१३ साली ई टीव्ही मराठीने सचिन खेडेकरांना घेऊन मराठी आवृत्ती काढली, तिचे नाव 'कोण होईल मराठी करोडपती'. मधला 'मराठी' हा शब्द शेवटच्या शब्दाची भरपाई म्हणून घातलेला दिसतो. २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे आले तेव्हा नाव 'कोण होणार करोडपती' झाले. भरपाई बंद झाली, करोडपती राहिला.

शब्दाचा उत्तरार्ध जास्त अवघड आहे. पती म्हणजे स्वामी, हे व्याकरणाने मान्य केले तरी मराठी घरात पती म्हणजे नवराच. 'अरबपती' हा हिंदी शब्द मराठी कानाला त्यामुळे निव्वळ वैवाहिक वाटतो. त्यासाठी मराठीत 'अब्जाधीश' आहे, पण तो उच्चारायचा प्रसंग वाशिमात फारसा येत नाही. करोडपतीला स्त्रीलिंगही नाही. २०१९ साली शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमात १ कोटी जिंकले तेव्हा त्याही 'करोडपती'च झाल्या. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवत आणि महिन्याला १,५०० रुपये मिळवत. त्या दराने एक कोटी जमवायला ५५५ वर्षे लागली असती, म्हणजे खिचडीला बहामनी काळात सुरुवात करावी लागली असती. एवढ्या पैशाचे काय करणार, असे विचारल्यावर त्यांनी सांगितलेली इच्छा एका मोबाइलची होती. वऱ्हाडात कोटीला भाग अजून मोबाइलनेच द्यावा लागतो.

एक कोटी हा आकडा वाशिम जिल्ह्यात टीव्हीच्या ३३० वर्षे आधी येऊन गेला आहे. १६७० च्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, शिवाजी महाराजांची फौज कारंजा या श्रीमंत पेठेवर आली. जदुनाथ सरकारांनी दिलेल्या हकिकतीप्रमाणे सोने, चांदी आणि उंची कापड मिळून सुमारे एक कोटीचा ऐवज चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेण्यात आला. गावातले धनिक खंडणीसाठी धरून नेले. सगळ्यांत बडा असामी मात्र बाईच्या वेषात निसटला. कारंज्याच्या त्या करोडपतीला शब्दाच्या स्त्रीलिंगाची अडचण आली नाही. चार हजार जनावरांचे ओझे २००० साली एका कागदी चेकवर मावू लागले, आणि तो चेक सर्वांत आधी हाती पडला तो हर्षवर्धन नवाथे या मराठी मुलाच्या. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता त्याने १५ प्रश्नांत जमवलेली ही कमाई आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले वाशिमच्या प्रत्येक अभ्यासिकेत आहेत. त्यांच्या पालकांनी हे उदाहरण कितीदा ऐकवले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पुढचा शब्द 'धनराशि'. सूत्रसंचालक अमिताभ बच्चन तो अशा घनगंभीर आवाजात उच्चारतात की रक्कम आपोआप दुप्पट वाटते. मराठी प्रेक्षकाला मात्र आधी ज्योतिष आठवते आणि हा धनू राशीचा कोणी स्पर्धक असावा असे वाटते. वाशिमच्या शेतकऱ्याला तसे वाटत नाही, कारण रास त्याच्या रोजच्या बोलण्यातली आहे. सोयाबीन कापले की आधी त्याची सुडी, म्हणजे गंजी, लागते. सुडी पावसात भिजली नाही, रात्री कोणी पेटवली नाही आणि मळणीयंत्र वेळेवर आले, तर मग दाण्यांची रास पडते. चार पर्यायांचा प्रश्न त्यापुढे सोपा. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने एक कोटीची धनराशी म्हणजे २,०४४ क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल धरले तर सुमारे २५५ एकर. तेही बाजार समितीच्या हर्रासात हमीभाव मिळाला तर. हा 'तर' कुठल्याही लाइफलाइनने सुटत नाही.

'पड़ाव' हा पहिल्या वर्षीचा सर्वांत दिलासा देणारा शब्द. १०,००० आणि ३,२०,००० हे दोन पडाव; एकदा गाठला की त्याखाली कोणी जात नसे. मराठीत पडाव म्हणजे फौजेचा मुक्काम, आणि फौजेचा मुक्काम पडला की गावकरी काय उरले ते मोजत. अर्थ इतका उलटला तरी कोणाची तक्रार नव्हती.

करोडपतीच्या यशाने इतर वाहिन्याही जाग्या झाल्या. झी टीव्हीने 'सवाल दस करोड़ का' काढून दहापट बोली लावली आणि सोनीने गोविंदाला घेऊन 'छप्पर फाड़ के' आणले. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, असा तो हिंदी वाक्प्रचार. तो वऱ्हाडात रुजणे कठीण होते. इथे छप्पर मे महिन्याच्या वादळात फाटते, तलाठी पंचनामा करतो, आणि देणे-घेणे पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालते. 'इनाम'चीही तीच गत. हिंदीत इनाम म्हणजे बक्षीस. इथे इनाम म्हणजे सातबाऱ्यावरचा शेरा आणि तीन पिढ्यांचा दावा. 'दौलत' हा शब्द मराठीत एके काळी राज्यासाठी होता, पुढे तमाशातल्या दौलतजादापुरता उरला.

'गब्बर'चा प्रवास वेगळा आहे. मराठीत गब्बर म्हणजे मातब्बर, बक्कळ पैसा असलेला. १९७५ साली 'शोले'ने त्या शब्दाच्या हाती बंदूक दिली. त्या चित्रपटात गब्बरच्या माणसांशी लढताना जीव गमावणारा नटच पंचवीस वर्षांनी लोकांना गब्बर करायला टीव्हीवर बसला.

एवढे शब्द येऊनही वाशिमच्या माणसाने ते स्वतःसाठी घेतलेले नाहीत. हिंदी शब्द मिळू शकणाऱ्या पैशासाठी, मराठी शब्द दुसऱ्याच्या पैशासाठी: गडगंज, गब्बर, पैसेवाला. राजकारण्यांच्या कोटीसाठी २०२२ पासून 'खोका' सर्वतोमुखी झाला आहे. स्वतःच्या पैशाला शब्दच नाही. सोयाबीनचे दोन कट्टे विकून आलेल्यालाही आणि दोनशे विकून आलेल्यालाही 'कसे चालले आहे' असे विचारले की उत्तर एकच येते, 'भागून राह्यलं, बाप्पा.' कुठल्याही सूत्रसंचालकाला हे उत्तर लॉक करता येणार नाही.

राहिला चेक. रक्कम अक्षरी लिहिताना मराठीत शेवटी 'फक्त' येते. कितीही शून्ये असली तरी मराठी माणूस 'एक कोटी रुपये फक्त' असे लिहून त्याची किंमत उतरवतो. हिंदीत तिथे 'मात्र' लिहितात: एक करोड रुपये मात्र. हिंदीत त्याचा अर्थ 'केवळ' इतकाच. मराठीत 'मात्र' म्हणजे 'परंतु', आणि परंतु आले की पुढे काही असतेच. इथे पुढे प्राप्तिकरावरचा अधिभार आणि उपकर असतो; मूळ तीस टक्के कर तर चेक हाती येण्याआधीच कापलेला असतो.