डावा खिसा रिकामा ठेवा

पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या सदऱ्याचा डावा खिसा आजपासून बंद करा. मशीन बहुतेक वेळा डाव्या खांद्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. शिंपी खिसा लावतो तो तिथून चार बोटांवर. त्या खिशात दिवसभर मोबाइल. माणूस विहिरीवर वाकला, एसटीत पेंगला, की फोन सरकून थेट मशीनला टेकतो. बायकांचं तर विचारूच नका. पोलक्यात पैशाची पिशवी आणि तिच्या जोडीला मोबाइल, हा आपल्या भागातला सरसकट रिवाज आहे.

हे मिरजेत ओरडून सांगायला हवं. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून दुखणं घेऊन मिरजेची वाट धरायची सवय आजूबाजूच्या मुलखाला लागली. जत, कवठेमहांकाळ, सांगोला, पलीकडून अथणी, जमखंडी, विजापूर. पेशंट येतो, छातीत मशीन बसतं, टाके बरे होतात, माणूस गावी जातो. जाताना त्याला मशीनचं कार्ड मिळतं, ते इंग्रजीत. घरी पोचल्यावर ते कार्ड कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. जपून ठेवलंय म्हणतात! अहो, ते जवळ बाळगायचं असतं.

धोका किती आहे, तेही नीट सांगितलं पाहिजे. मोबाइलच्या लहरींची भीती जुनी. १९९७ साली अमेरिकेत ९८० पेशंटांवर साडेपाच हजारांहून जास्त चाचण्या घेतल्या. शंभरातल्या वीस चाचण्यांत फोनमुळे पेसमेकरच्या कामात काही ना काही ढवळाढवळ दिसली. काळजी करावी अशी ढवळाढवळ शंभरात सातांहून कमी. आणि फोन नेहमीसारखा कानाला लावला, तेव्हा अशी एकही नाही. त्यानंतरची मशीनं जास्त बंदोबस्ताची झाली, बाहेरच्या लहरी गाळणारी. म्हणजे फोनवर बोलायला हरकत नाही. उजव्या कानाला लावा आणि बोला.

आता खरा प्रश्न लोहचुंबकाचा आहे. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा एक बारका भाग मुद्दाम ठेवलेला असतो. ऑपरेशनच्या वेळी किंवा तपासणीत डॉक्टर छातीवर चुंबक धरतात, की मशीन हृदयाकडे लक्ष देणं थांबवून ठरलेल्या गतीनं ठोके देऊ लागतं. ही डॉक्टरांची सोय. पण मशीनला डॉक्टरचं चुंबक कोणतं आणि मोबाइलचं कोणतं, हे कळत नाही. २०२० साली आयफोन १२ आला, पाठीत चार्जिंगसाठी चुंबकांचं कडं घेऊन. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो एका पेशंटच्या छातीजवळ धरून पाहिला, तर आतल्या मशीनचं काम थांबलं. ते साधं पेसमेकर नव्हतं. हृदय जीवघेणं धडधडू लागलं की आतून शॉक देणारं मशीन होतं. फोन छातीवर असेतो शॉक बंद. माणसाला पत्ताही नाही.

आयफोनच्या कंपनीनंही मग सांगितलं, फोन सहा इंच लांब ठेवा, आणि बिनवायरीचं चार्जिंग चालू असेल तर फूटभर. सहा इंच म्हणजे वीतभराहून थोडं कमीच, म्हणून वीतभर धरून चाला. चुंबकाचा जोर अंतरानं झपाट्यानं उतरतो, त्यामुळे एवढंही पुरतं.

कुणी म्हणेल, आमच्याकडे कुठला आयफोन! फोन साधा असेल, पण त्याचं कव्हर? फ्लॅपवालं, पाकिटासारखं मिटणारं, टच्कन बंद होणारं. ते टच्कन चुंबकामुळेच होतं. इअरफोनच्या बोंडांतही चुंबक असतो. बोलून झालं की वायर गळ्यात आणि बोंडं छातीवर लोंबत. मोबाइलच्या दुकानदारांनो, कव्हर विकताना एवढं विचारा, घरात कुणाला मशीन बसवलंय का? गिऱ्हाईक तुटणार नाही.

आणि दुसऱ्या टोकाच्या घरांवर माझा जास्त राग आहे. वडिलांना मशीन बसलं, की पोरं त्यांचा मोबाइलच काढून घेतात. ‘आण्णा, तुम्ही फोनला हात लावायचा नाही.’ मग आण्णा एकटे मळ्यात, घेरी आली तर हाक मारायची कुणाला? सत्तरीतल्या हृदयरोग्याच्या हातून फोन काढून घेणं ही काळजी नव्हे, धोक्यात भर आहे. काही नवी मशीनं तर आपला अहवाल मोबाइलमार्फतच डॉक्टरांकडे पाठवतात. आण्णांचा फोन परत द्या. पँटच्या किंवा लेंग्याच्या खिशात, नाहीतर कमरेच्या पाऊचमध्ये. रात्री उशाखाली नाही, टेबलावर. शिंप्याकडे नवा सदरा टाकाल तेव्हा सांगा, खिसा खाली बाजूला लावा, छातीवर नको.

इतकं सगळं एका पानात मावतं. मिरजेतल्या ज्या ज्या रुग्णालयात मशीन बसवलं जातं, तिथं हे पान मराठीत आणि कानडीत छापलेलं का नसावं? मशीनची किंमत लाखाच्या घरात जाते, पानाची एक रुपयाही नाही. वर एक चित्र काढा: छाती, मशीन, आणि वीतभर लांब मोबाइल. वाचता न येणाऱ्यालाही कळेल. घरी सोडताना पेशंटच्या हातात नुसतं कोंबू नका, सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला वाचून दाखवा. पानावर वरच ठळक लिहा, आत साधं पेसमेकर आहे की शॉक देणारं. कारण ‘बॅटरी बसवलीय’ यापलीकडे घरात कुणाला काही सांगता येत नाही, आणि चुंबक टेकल्यावर दोन्हींत घडतं ते अगदी वेगळं असतं. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना हा एक प्रश्न विचाराच, आणि उत्तर त्या कार्डाच्या मागे मराठीत लिहून घ्या.