सदतीसकाका

आमच्या दोन बिल्डिंगांच्या मधल्या फरशीवर क्रिकेट चालतं. नेरुळमधली सिडकोची जुनी वसाहत, चार मजले, लिफ्ट नाही. स्टंप म्हणजे एक पाय तुटलेली प्लास्टिकची खुर्ची. तळमजल्याच्या ग्रिलला चेंडू लागला तर दोन रन, कुणाच्या गॅलरीत गेला तर आउट, आणि मागायला ज्याने मारला त्यानेच जायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण चौथीतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. वाद एकाच जागी होतो. रन पळताना कुणाची तरी पाठ मध्ये येते, थ्रो त्या पाठीत बसतो, आणि मग दहा पोरं एकदम ओरडतात. अशा वेळी दुसऱ्या मजल्यावरची खिडकी सरकते आणि वरून आवाज येतो, "कुणी हलू नका. मी चप्पल घालतोय."

हे सदतीसकाका.

त्यांचं खरं नाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. क्रिकेटच्या कायद्यांत सदतिसावा कायदा क्षेत्ररक्षणाला अडथळा आणण्याचा. फलंदाजाने बोलून किंवा काही करून क्षेत्ररक्षकांना मुद्दाम अडवलं, त्यांचं लक्ष मुद्दाम उडवलं, तर तो बाद. बाकीचे एक्केचाळीस कायदे काकांना पाठ आहेतच, पण ते कर्तव्य म्हणून. सदतिसाव्यावर त्यांचा जीव आहे. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी उभी हयात फायलींवर टिपणी लिहिण्यात घालवली. फाइल कुणी अडवली, का अडवली आणि अडवणाऱ्याने ती मुद्दाम अडवली का, एवढाच विषय तिथे असायचा. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, भिशी काढतात, हार्मोनियम शिकतात. काकांना फक्त खातं बदलून मिळालं.

चप्पल घालून ते खाली येतात तेव्हा हातात प्लास्टिकचं कव्हर घातलेलं कायद्याचं पुस्तक असतं. आधी थ्रो करणाऱ्याला जागेवर उभं करतात, मग पळणाऱ्याला, मग चेंडू नेमका कुठे लागला तिथे खडूने फुली मारतात. पाठीवर. पोराच्या आईने दोनदा तक्रार केली आहे.

"आता सांग बाळा, मागे वळून बघितलं होतंस?"

"नाही काका."

"थ्रो कुठून येतोय ते माहीत होतं?"

"नाही काका."

"मग मार्ग का बदललास?"

"तिकडे चिखल होता ना."

काका डोळे मिटून घेतात. मुद्दाम नाही, दिशा बदलली आहे, कारण चिखल. कायद्यात दुखापत टाळण्यासाठी केलेली हालचाल माफ असते, पण नव्या बुटांसाठी केलेली माफ असते का? निकाल यायला सात मिनिटं लागतात. तोवर पोरांनी रिप्ले घेऊन ओव्हर संपवलेली असते.

पोरांच्या पातळीवर हा कायदा एका शब्दाचा आहे: रिप्ले. कुणाचीही चूक नाही, कुणालाही शिक्षा नाही, बॉल पुन्हा टाकायचा. बॅट ज्याची, तो मध्ये आला तर मात्र रिप्लेसुद्धा नाही, सरळ नॉट आउट. काकांना याचा संताप येतो. मला तर हा सर्वांत प्रामाणिक कायदा वाटतो. मालकी कुणाची ते आधीच ठरलेलं असलं की अर्धे खटले उभेच राहत नाहीत.

काकांचे पुरावे मात्र आंतरराष्ट्रीय असतात. जिन्यात भेटले की पहिल्या मजल्यावर लेन हटन सुरू होतो. १९५१, ओव्हल, समोर दक्षिण आफ्रिका. हटनच्या बॅटची कड घेऊन चेंडू वर उडाला. तो स्टंपवर पडेल म्हणून हटनने बॅट फिरवली, आणि नेमका त्याच चेंडूखाली यष्टिरक्षक एंडीन झेलासाठी आला होता. हटन बाद, क्षेत्ररक्षणाला अडथळा. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत १९५७ उजाडतं. केपटाऊनला तोच एंडीन फलंदाजी करत असतो आणि स्टंपकडे निघालेला चेंडू हाताने बाजूला सारतो. चेंडू हाताळला म्हणून बाद होणारा तो कसोटीतला पहिला फलंदाज. इथे काका कठड्याला टेकतात आणि बोट वर करतात. "वरचं ऑडिट. सहा वर्षं लागली, पण आक्षेप निघालाच."

चेंडू हाताळण्याचा कायदा तेव्हा वेगळा होता, पुढे तो तेहतिसावा झाला. २०१७ मध्ये तो सदतिसाव्यात विलीन केला. काका हे असं सांगतात, की जणू एका खात्याचे कर्मचारी दुसऱ्या खात्यात वर्ग झाले आणि त्यांच्या सेवाज्येष्ठतेचं पुढे काय झालं ते कुणी बघितलंच नाही. १९८३ मध्ये वानखेडेवर डेसमंड हेन्स याच जुन्या तेहतिसाव्याखाली बाद झाला. "मी तिथे होतो," काका म्हणतात. "नव्हतात," काकू आतून म्हणतात. "त्या दिवशी तुम्ही मला बघायला आला होतात." यावर काका बराच वेळ गप्प राहतात. कुठली आठवण सोडायची ते त्यांना ठरवता येत नाही.

इंझमामचा प्रयोग ते छत्री घेऊन करतात. २००६, पेशावर, भारताविरुद्ध एकदिवसीय सामना. सुरेश रैनाने स्टंपवर फेकलेला चेंडू इंझमामने क्रीझबाहेर उभं राहून बॅटने आरामात अडवला. जणू नेटमध्ये सराव चाललाय. या प्रयोगासाठी काका घराचा उंबरठा क्रीझ धरतात, काकूंना पोळपाटासकट यष्टिरक्षक करतात आणि मला रैना. मी चपला फेकायच्या. एकदा चप्पल खरंच काकूंना लागली. काकांनी विचारलं, "मुद्दाम?" काकूंनी पोळपाट खाली ठेवला. त्यानंतर इंझमाम बंद झाला.

२०२५ च्या नोव्हेंबरात, २ तारखेला, आमच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. नेरुळभर फटाके, रस्त्यावर पोरी नाचतायत, स्टेशनबाहेर पेढे. काका मात्र तझमिन ब्रिट्सच्या धावबादापाशी अडकले होते. अमनजोतचा थेट थ्रो स्टंपवर बसला तो क्षण त्यांनी मोबाइलवर इतक्या वेळा पाहिला की बॅटरी संपली. ब्रिट्स थ्रोच्या रेषेत आली होती का, एवढंच त्यांना बघायचं होतं. आली नव्हती. "सरळ धावली," ते म्हणाले. "गुणाची मुलगी." भारत जिंकल्याची बातमी त्यांच्यापर्यंत दुसऱ्या दिवशी सकाळी, पेपरातून पोचली असं माझं मत आहे.

शेजारच्या गावठाणात दर हिवाळ्यात टेनिस बॉलचे सामने होतात. रात्री प्रकाशझोत, माइकवर न थकणारा समालोचक, मांडवाखाली चमकणारे चषक, आणि फलकावर खाली ठळक अक्षरांत 'अंतिम निर्णय कमिटीचा राहील'. एकदा तिथे गोलंदाज झेल घ्यायला पुढे आला आणि नॉन-स्ट्रायकरने त्याला कोपराने ढकललं. पंचाने नॉन-स्ट्रायकरला बाद दिलं. काका पुस्तक घेऊन मांडवात शिरले. झेल अडवला, तर अडवणारा कुणीही असो, बाद व्हायचा तो स्ट्रायकर, ज्याचा झेल उडाला होता तो. कमिटीच्या अध्यक्षांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं. "काका, बाद कोण झाला ते महत्त्वाचं नाय. विकेट पडली का? पडली. चाय घ्या." काकांनी चहा घेतला. चहा उत्तम होता असं ते अजूनही कबूल करतात.

हे सगळं तसं चाललं असतं, पण मुलाने त्यांना उन्हाळ्यात चार महिने एडिसनला बोलावून घेतलं.

न्यू जर्सीत आपल्या लोकांची पोरं बेसबॉल खेळतात. काकांचा नऊ वर्षांचा नातू लिटल लीगमध्ये होता. काका पहिल्याच शनिवारी घडीची खुर्ची आणि चिवड्याचा डबा घेऊन मैदानावर गेले, आणि तिसऱ्या इनिंगमध्ये त्यांच्या आयुष्याला नवं वळण लागलं. दुसऱ्या बेसवरचा पोरगा तिसरा बेस चोरायला पळाला. नातवाने बॅट इतक्या जोरात फिरवली की चेंडू हुकला आणि स्वतः गिरकी घेऊन प्लेटवर आडवा आला. मागच्या कॅचरला तिसऱ्या बेसकडे थ्रो करायला वाटच उरली नाही. पंचाने हात वर केला. नातू बाद, पळणारा परत दुसऱ्या बेसवर.

काका उठून उभे राहिले. "पण मुद्दाम केलं का त्याने?"

मुलगा म्हणाला, "बाबा, इथे ते विचारत नाहीत."

त्या रात्री काकांना झोप लागली नाही. चाळीस वर्षं ज्या प्रश्नावर पोट भरलं, तो प्रश्नच नसलेला एक देश त्यांनी पाहिला होता. फलंदाजाला एक चौकट आखून दिलेली. मोठ्यांच्या खेळात सहा फूट लांब, चार फूट रुंद, लिटल लीगच्या पोरांना रुंदी तीन फूट. चौकट सोडून कॅचरच्या आड आलास तर संपलं. तोल गेला, पाय घसरला, आई हाक मारत होती, कशाचीही सुनावणी नाही. कॅचरने तरीही पळणाऱ्याला बाद केलं, तर मात्र अडथळा झालाच नाही असं धरतात. आणि दोनपेक्षा कमी गडी बाद असताना तिसऱ्या बेसवरचा पोरगा होमकडे धावत असेल आणि फलंदाज मध्ये आला, तर बाद होतो तो धावणारा. काका मूळचे मालवणकडचे. हे ऐकल्यावर त्यांनी एडिसनच्या त्या हिरव्यागार मैदानावर टाळी वाजवून म्हटलं, "करून गेला गाव आणि कांदळगावकराचं नाव!" गावठाणातल्या अध्यक्षांची त्यांना फार आठवण झाली.

येताना सामानात तीन नियमपुस्तकं आली: व्यावसायिकांचं, हायस्कूलचं आणि लिटल लीगचं. बदाम-पिस्ते आणले नाहीत म्हणून काकूंनी आठवडाभर अबोला धरला. काकांना तो जाणवला नाही. एकच अडथळा, पण घर बदललं की कायदा थोडा वाकतो, हे त्यांना लागलेलं व्यसन होतं. तिसरा स्ट्राइक खाऊन आधीच बाद झालेला फलंदाज कॅचरच्या आड आला, तर व्यावसायिक बेसबॉलमध्ये पळणाराही बाद. हायस्कूलच्या पुस्तकात मात्र दुसरा बळी द्यायचा तर आधी पंचाला वाटलं पाहिजे, की अडवलं नसतं तर तो मिळाला असता. "वाटलं पाहिजे," काका म्हणत, आणि या दोन शब्दांवर चहाचा कप गार होई. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात सिनसिनाटीच्या आर्मब्रिस्टरने बंट मारला आणि पळायला निघता निघता बॉस्टनचा कॅचर फिस्क त्याच्यावर आदळला. थ्रो भलतीकडे गेला, पंच बार्नेटने अडथळा दिला नाही, आणि सिनसिनाटीने दहाव्या इनिंगमध्ये ६-५ असा सामना मारला. ही टक्कर मुद्दाम होती का, यावर तिकडे अजून वाद घालतात, हे कळल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हा प्रश्न तिकडेही अगदीच मेलेला नव्हता.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी फरशीवर गेरूने सहा बाय चारची चौकट आखली. पोरांनी तिच्यात लंगडी सुरू केली. पार्किंगमध्ये कुणाची गाडी आडवी लागली की पूर्वी काका त्याला विचारायचे, "मुद्दाम लावली का?" आता विचारेनासे झाले. "चौकटीबाहेर," एवढंच म्हणून वॉचमनकडे बघत. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीने हिशेबाचा कागद विसरल्याचं सांगितलं तेव्हा काका उठून म्हणाले, "हेतूशी आम्हाला कर्तव्य नाही." सभेला पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं पटलं. सेक्रेटरी तेव्हापासून जिना बदलून जातो.

परवा संध्याकाळी काका बाजारातून आले. एका हातात मेथीच्या दोन जुड्या, दुसऱ्यात दुधाची पिशवी. नेहमीप्रमाणे खेळाच्या मधून, सावकाश, कारण बाजूला चिखल. त्याच वेळी वरच्या वर्गातल्या एकाने उंच मारला. खाली झेलायला उभा होता तो आमचा कच्चा लिंबू, वय सात, आजवर एकही झेल न घेतलेला. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली, जीभ बाहेर काढली आणि मागे मागे सरकत गेला. चेंडू खाली आला आणि काकांच्या मेथीत रुतला.

सगळे गप्प. मग कच्च्या लिंबूने, रडवेल्या आवाजात, पंच म्हणून काकांकडेच बघून विचारलं, "हाउज दॅट?"

काकांनी दूध खाली ठेवलं. मेथीतून चेंडू काढला, दोन पानं झटकली. "मुद्दाम नव्हतं रे," ते म्हणाले.

"अमेरिकेत विचारत नाहीत ना? तुम्हीच सांगितलंत."

"ते फलंदाजाला. मी फलंदाज नाही." काका सावरले. त्यांच्या आवाजात कचेरी परत आली. "याला वेगळी तरतूद आहे. विसावा कायदा. २०२२ पासून, बाहेरचा माणूस, जनावर किंवा वस्तू मध्ये आल्यामुळे कुठल्याही बाजूचं नुकसान झालं, तर डेड बॉल."

कच्च्या लिंबूने नाक पुसलं आणि विचार केला. "मग तुम्ही यातले कोण, काका?"

काकांनी तोंड उघडलं. एवढ्यात वरची खिडकी सरकली.

"त्यांना काय विचारतोस, मी सांगते," काकू म्हणाल्या. "आणि अहो, ती मेथी वर आणा आधी, तासभर झाला कणीक मळून."