दिवस माझगावचा, घड्याळ कुणाचं?

माझा पुतण्या गोदीत तिसऱ्या पाळीला जातो. सकाळी घरी येतो, चहा-पाव खातो आणि नऊला आडवा होतो. अकरा वाजता त्याचं नवंकोरं स्मार्टवॉच थरथरतं : फार वेळ बसलात, उठा, चाला! दुपारी तीनला उठून बघतो तर झोपेच्या रकान्यात शून्य. सहा तास गाढ झोपलेला माणूस, पण घड्याळाच्या लेखी तो जागाच. घड्याळात बिघाड नाही. ते रात्री झोपणाऱ्या आणि दिवसा खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी बेतलंय, एवढंच. दुकानात हे कुणी त्याला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

आपला दिवस कुणाच्या घड्याळावर चालवायचा, यावरून हे शहर एकदा चांगलंच भांडलंय. 1906 साली देशभर एक प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेनं 39 मिनिटं मागे असलेली आपली ‘मुंबईची वेळ’ पुढची कित्येक वर्षं सोडली नाही. तेवढी नाही, तरी थोडी हुज्जत दुकानदाराशी घाला, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात पावलांपासून करा. रोज दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या डॉक्टरानं शोधून काढलेला नाही. 1965 च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं, आणि तो आकडा जगभर चिकटला. शिवाय घड्याळ पाय मोजत नाही, हाताचे झोके मोजतं. आमची आई भायखळ्याच्या मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येते, तेव्हा हात ताठ, म्हणून बरीच पावलं गायब. घरी येऊन कणीक तिंबायला बसली की पावलं वाढतात! ज्या बाईचं निम्मं चालणं ओझ्यासह होतं, तिनं त्या आकड्यावरून स्वतःला आळशी ठरवू नये.

मग चार्जिंग. रोज चार्जरला लावावं लागणारं घड्याळ झोप मोजण्यासाठी घेत असाल, तर ते चार्ज कधी करणार, हे आधी ठरवा. आठवडाभर टिकणारं साधं घड्याळ पाळीवाल्याला जास्त उपयोगी. ते तुमच्या फोनशी जुळतं का, हेही तिथंच जोडून बघा. काही घड्याळं एकाच कंपनीच्या फोनबरोबर चालतात. काच भर उन्हात वाचता येते का, ते दुकानाबाहेर फुटपाथवर येऊन पाहा. आतल्या दिव्याखाली सगळीच चकाकतात. पट्टा चामड्याचा नको, आपल्या पावसात आणि घामात तो कुजतो. आणि ज्या फाटकातून मोबाइल आत नेता येत नाही, तिथं हे घड्याळ चालेल का, हे पैसे मोजण्याआधी विचारा.

आता तब्येत. इथं मात्र मला राग येतो. सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ म्हणून जे विकलं जातं, ते घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट बजावलं, की अशा एकाही घड्याळाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जिवाशी गाठ आहे. रक्तदाबाचंही तसंच. काही नामांकित घड्याळांतसुद्धा दर 28 दिवसांनी दंडाला बांधायच्या यंत्राशी मेळ घालावा लागतो. म्हणजे ते यंत्र घरात लागतंच. नाडीचा अनियमितपणा काही चांगली घड्याळं पकडतात, आणि ते खरोखर मोलाचं आहे. पण हृदयविकाराचा झटका ती ओळखत नाहीत. छातीत कळ आली तर मनगटाकडे बघत बसू नका. 108 ला फोन लावा.

एक परीक्षा मी स्वतः केली, तुम्हीही करा. कुणाचं तरी घड्याळ दोन दिवस मागून घ्या. माझगावच्या टेकडीवर बॅप्टिस्टा उद्यानापर्यंत पायऱ्या चढा, वर पोचताच दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवून लगेच पंधरा सेकंद नाडी मोजून चारानं गुणा, आणि त्याच वेळी घड्याळ काय दाखवतं ते बघा. दोनचार ठोक्यांचा फरक चालेल. वीस-पंचवीसचा फरक असेल तर तसलं घड्याळ घेऊ नका.

आईला पुतण्या घड्याळच घेणार होता, पडली तर आपोआप फोन लागावा म्हणून. हेतू चांगला. पण त्याच्या खिशाला परवडणाऱ्या घड्याळात ती सोय नव्हती, आणि ज्यात होती त्याला फोन जवळपास लागतो. आई फोन फ्रिजवर ठेवून खाली जाते. म्हणून आम्ही तिला दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घेतलं आणि शेजारच्या वहिनींकडे घराची एक किल्ली दिली.