जरा जोरात उतरलं

२० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासच्या किनाऱ्यावरून स्टारशिप हे जगातलं सगळ्यात मोठं रॉकेट पहिल्यांदाच पूर्ण बांधणीनिशी उडालं आणि चारेक मिनिटांत समुद्रावर, आकाशातच, त्याच्या ठिकऱ्या झाल्या. स्पेसएक्स कंपनीने जाहीर केलं की रॉकेटचं ‘रॅपिड अनशेड्यूल्ड डिसअसेंब्ली’ झालं. म्हणजे रॉकेट सुटं झालं. जरा लगबगीने झालं आणि वेळापत्रकात नव्हतं, इतकंच! रॉकेटवाल्यांच्या गोटातला हा मुरलेला विनोद आहे. पण एवढं भव्य यंत्र फुटल्यावर ‘फुटलं’ एवढंच म्हणायला जीभ रेटत नसणार, हेही खरं.

वास्तविक एकाएकी बोजवारा उडण्यासाठी इंग्रजीत शब्दांची टंचाई नाही. क्रॅश आणि फ्लॉप हे तर नुसते आवाजच, आपल्या धाडकन आणि धपकनच्या नात्यातले. नदीवरचा गोठलेला बर्फ फुटून वाहू लागतो त्याला फ्रेंच लोक डिबॅकल म्हणत. तो शब्द इंग्रजांनी उचलला आणि पराभूत सेनापतींना बहाल केला. डिझास्टरच्या पोटात चक्क तारा दडलेला आहे, तोही वाईट. म्हणजे ग्रह फिरणं ही काही आपलीच मक्तेदारी नव्हे.

एवढं भांडार असताना कोण कुठला शब्द काढतो, हे बघण्यासारखं असतं. ज्याचं नुकसान झालं तो आखूड शब्द वापरतो. ज्याच्यामुळे झालं तो लांबलचक शब्द शोधतो. प्रवाशाच्या तोंडी ‘क्रॅश’ असतं, कंपनीच्या पत्रकात ‘मालफंक्शन’, ‘अ‍ॅनॉमली’, ‘डिसरप्शन’. बाजार दहा टक्क्यांनी घसरला की दलाल मंडळी ‘करेक्शन’ म्हणतात. जणू कालपर्यंतचा भाव म्हणजे शुद्धलेखनाची चूक होती आणि कुणी मास्तरांनी ती लाल शाईने दुरुस्त केली. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला, तेव्हा मात्र लाल शाई पुरली नाही. सगळ्यांनी निमूटपणे ‘क्रॅश’ म्हटलं.

या कलेला रीतसर पुरस्कारही मिळालेला आहे. अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांची संघटना १९७४ पासून गोलमाल भाषेसाठी एक उपरोधिक बक्षीस द्यायची. मार्च १९७९ मध्ये थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीचा जवळपास अर्धा गाभा वितळला आणि त्या वर्षीचं बक्षीस अणुऊर्जा उद्योगाने पटकावलं. त्यांच्या भाषेत आग म्हणजे ‘रॅपिड ऑक्सिडेशन’ आणि स्फोट म्हणजे ‘एनर्जेटिक डिसअसेंब्ली’. रॉकेटवाले जे हसत म्हणतात, ते या मंडळींनी गंभीर चेहऱ्याने म्हणून ठेवलं होतं. ‘मेल्टडाऊन’ हा भट्टीचा खरा शब्द मात्र मोकाट सुटला. आता दुकानात खेळणं नाकारल्यावर फरशीवर गडाबडा लोळणाऱ्या पोरालाही तो लागतो.

आपण मराठी माणसांनी यातले सोयीचे तेवढे शब्द घरात घेतले. परवा बँकेत पेन्शनच्या खिडकीशी एक आजोबा पासबुक पुढे करून उभे होते. खिडकीतली मुलगी म्हणाली, “सर्व्हर डाऊन आहे, काका.”

“बरं. वर कधी येईल?”

“ते वरूनच कळेल.”

आजोबांनी पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला दोन वेढे देऊन रबर लावलं आणि पंख्याखालच्या बाकावर जाऊन बसले. कुणी चिडलं नाही, कुणी माफी मागितली नाही. ‘डाऊन’ या शब्दाची हीच खुबी. तो ऐकला की भांडायला समोर माणूसच उरत नाही.

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांनी याच्या पुढची पायरी गाठली आहे. तिथे काही बंद पडत नाही, ‘इश्यू’ येतो. रात्रभर जागून तो निस्तरला की दुसऱ्या दिवशी ‘पोस्टमॉर्टेम’ होतं आणि तेही कुणालाही दोष न देता. मयत नाही, आरोपी नाही, नुसता पंचनामा. शेवटच्या स्लाइडवर ‘लर्निंग्ज’ आणि खाली सगळ्यांचे आभार.

पण इंग्रजीला हसताना आपलं व्याकरणही जरा तपासावं. आपल्या घरात कप कुणी फोडत नाही, तो फुटतो. दूध उतू जातं, भाजी करपते, लाईट जाते, डीपी उडते. कर्ता शोधायला जावं तर वाक्यात फक्त कप सापडतो. लॅटिनची मदत न घेता हात झटकण्याची सोय आपल्या पूर्वजांनी क्रियापदातच करून ठेवली आहे.

तेव्हा मऊ शब्दावर माझा राग नाही. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर उतरत असतानाच आपल्या ‘विक्रम’ यानाचा संपर्क तुटला. नोव्हेंबरात लोकसभेत लेखी उत्तर आलं, त्यात शब्द होता ‘हार्ड लँडिंग’. म्हणजे आपटलं नाही, जरा जोरात उतरलं. तेव्हा हसू आलं होतं. पण त्या दोन शब्दांवर कुणी निजलं नाही. पुढच्या यानाचे पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, उतरायची जागा ऐसपैस केली आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते अलगद टेकलं. इतकं केल्यावर आधीच्या आपटण्याला कुणी काहीही म्हणावं.

घाटात एसटी बंद पडली की ड्रायव्हर खाली उतरतो, वाकून बघतो आणि हात पुसत म्हणतो, “गेली.” कोण गेली, कशाने गेली, सगळं त्यातच आलं. कंडक्टर लगेच ओरडतो, “गाडी फेल झालीय! सामान घेऊन उतरा, मागच्या गाडीत बसवून देतो. तिकिटं टाकू नका!” एवढ्यात बिघाड आला, सूचना आली, उपायही आला. जगातल्या तमाम पत्रककारांनी एकदा त्याच्या हाताखाली उमेदवारी करावी. झाल्या प्रकाराला नाव काय ते खुशाल लांबलचक ठेवा, साहेब. फक्त मागची गाडी किती वाजता येते, ते आधी सांगा.