वाणी, चतुर आणि इतर मंडळी

पंचांगात मृग नक्षत्राला दरवर्षी वाहन दिलेले असते. कधी कोल्हा, कधी म्हैस, कधी बेडूक. आम्हाला मेव्हण्याची जुनी जीप मिळाली. टप गळू लागला की पाऊस आला, इतके नेमके भाकीत पंचांगालाही जमत नाही.

काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो होतो. घोटीच्या पुढे एक सर येऊन गेली आणि चहाच्या टपरीपाशी मंडळी हजर झाली. पहिला मान मखमली लाल मृगाच्या किड्याचा. "अगं बाई, किती गोड किडा!" काकू म्हणाल्या. मेव्हणा प्राणिशास्त्राचा मास्तर. त्याने पाय मोजायला लावले. आठ भरले! म्हणजे किडा नव्हेच, कोळ्याचा भाऊबंद. काकूंनी स्वतःचे दोन पाय तेवढे बाकावर घेतले.

शेजारून वाणी चालला होता. काडी लावताच त्याने वेटोळे केले आणि त्याचा पैसा झाला. चालताना वाणी, गुंडाळला की पैसा. व्यापाराचे शास्त्र इतक्या थोडक्यात कुणी शिकवले नसेल. गोगलगायीला मात्र आपण उगाच बदनाम केले. तिच्या पोटात पाय असतात हे शास्त्रालाही मान्य आहे. तिच्या वर्गाचे नावच उदरपाद. तिकडे एक चतुर मेव्हण्याने पॉलिश मारलेल्या बॉनेटला तळे समजून अंडी घालायला शेपूट टेकवत होता. नाव ठेवणाऱ्याने त्याला गाडीजवळ पाहिले नसावे.

१९२६ साली पुरे झालेले प्रवरेवरचे धरण मागे टाकून रतनवाडीच्या वाटेला लागलो तेव्हा मिट्ट काळोख होता. "दिवे बंद करा, साहेब," वाटाड्या पोरगा म्हणाला, "त्यांची बोलणी चाललीत." नर लुकलुकून विचारतो, मादी लुकलुकून उत्तर देते, मध्ये आपली बॅटरी म्हणजे बैठकीत ओरडणारा पाहुणा. मेव्हण्याचा इंडिकेटर चुकून चालू राहिला होता. एक काजवा त्यालाच होकार समजून काचेवर घिरट्या घालू लागला, तेव्हा कुठे तो बंद झाला.

आणि मग समोरचा सादडा पेटला. विझला. पुन्हा पेटला. शेजारच्या हिरड्याने तीच लय उचलली आणि उतार खालपर्यंत लुकलुकत गेला. काकूसुद्धा गप्प झाल्या, यावरून काय ते समजावे.

थोड्या वेळाने त्यांना काळजी लागली. "एवढे दिवे लावायचे म्हणजे खात असतील तरी काय?"

"अळी असताना गोगलगायी खातात," मेव्हणा म्हणाला. "पंख फुटल्यावर बरेचसे फारसे काही खातच नाहीत. दोन-तीन आठवडे जगतात."

"अरे देवा! उपाशी?"

"लग्न जमवायला आलेत ते, काकू," पोरगा म्हणाला. "जेवायला तुम्ही आलाय. चला, पिठलं गार होतंय."